निरोपाचा प्रवास : हुंडी, तार आणि संगणकाचे जाळे

आपल्या संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी संगणकाच्या जाळ्याविषयी, घरातील थोरामोठ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना समजेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली. विषय मोठा, आणि आमच्या शिक्षकी पेशाची खोड अशी की सोपे सांगावयास बसलो की व्याख्यांचा पाऊस पडतो. कोठून आरंभ करावा या विचारात असतानाच माझ्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, एक प्रकार घडला आणि लेखाचा आरंभ आपोआप ठरला.

खालाचे वय सत्तरीच्या घरातले. एके संध्याकाळी तिला फोन आला. बोलणारा मोठा अदबशीर. 'माजी, तुमच्याकडून विजेच्या बिलात जास्त पैसे भरले गेले आहेत. ते परत पाठवावयाचे आहेत. मोबाईलवर पैशांची खिडकी उघडा, आमच्या कार्यालयाचा क्रमांक घाला, खालच्या चौकटीत परतावा क्रमांक म्हणून १८५०० हा आकडा लिहा आणि मग तुमचा गुप्तांक दाबा.' खालाने सांगितले तसे केले. परतावा क्रमांक म्हणून जो आकडा तिने लिहिला, ती खरे तर रक्कम होती. साडेअठरा हजार रुपये क्षणात गेले. नातीच्या कॉलेजच्या फीसाठी ते बाजूला ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. रडली नाही. ओट्यावर बसून तिने मला एकच प्रश्न केला : 'बेटा, तू शाळेत मुलांना हेच शिकवतोस ना? मग मला सांग, माझा पैसा ज्या तारेतून गेला, त्या तारेत चोर नेमका कुठे बसला होता?'

प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याचे नीट उत्तर द्यावयाचे तर निरोप कसा तयार होतो, कसा निघतो, वाटेत त्याचे काय होते आणि तो पोचला हे कोण ठरवते, हे सारे सांगावे लागते. म्हणजेच जाळ्याची मूलतत्त्वे सांगावी लागतात. हा लेख म्हणजे खालाला दिलेले तेच उत्तर, थोडे विस्ताराने.

१. सराफ्यातील जुनी विद्या

आरंभ संगणकापासून न करता आपल्याच माळव्यातील सराफ्यापासून करू. एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या अफूचा मोठा व्यापार चाले, आणि उज्जैन व इंदूर येथील सराफांच्या हुंड्या थेट मुंबईपर्यंत चालत. रुपयांच्या थैल्या घाटरस्त्याने नेण्याऐवजी एक कागद जाई. आता कागद म्हटला की तो वाटेत हरवेल, भिजेल, कोणी त्यात खाडाखोड करील, किंवा भलताच मनुष्य तो घेऊन पेढीवर उभा राहील. या सर्व धोक्यांवर त्या सराफांनी तोड काढली होती. त्यांतील चार गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

पहिली : हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. ती अंकी लिहीत, अक्षरी लिहीत, आणि शिवाय 'निमे पाचशे, त्यांचे दुप्पट एक हजार' अशी निम्म्या रकमेचीही नोंद करीत. एका जागी खाडाखोड केली तर दुसरी जागा ती चुगली करी. दुसरी : हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत, तीही गेली तर तिसरी, ती परपेठ. पैसे मात्र तिन्ही मिळून एकदाच द्यावयाचे. तिसरी : 'शाहजोग' हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या शाहालाच मिळत, कागद हातात आहे एवढ्यावर कोणाही वाटसरूला मिळत नसत. चौथी : हुंडी लिहिणारा सावकार समोरच्या पेढीला वेगळे पत्रही पाठवी, की अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे. म्हणजे एकाच व्यवहाराची वार्ता दोन वाटांनी पोचे.

हुंडी नेणारा जासूद यांतले काहीच तपासत नसे, हेही येथेच नमूद करून ठेवतो. त्याचे काम पोचविण्याचे. तपासण्याचे काम दोन टोकांच्या पेढ्यांचे.

२. दोन खुणांची भाषा

हुंडीनंतर आली तार. आपल्या देशात १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली प्रायोगिक तार टाकण्यास आरंभ झाला. १८५४ साली कलकत्त्याहून आग्र्याला तारेने संदेश जाऊ लागला. आग्र्याहून मुंबईला जाणारी तार आपल्या माळव्यातूनच, इंदूरवरून गेली. १८५५ पासून तारखाते सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

तारेतून अक्षरे जात नसत. जात ती फक्त कट्ट आणि कडकट्ट, म्हणजे एक आखूड आणि एक लांब खूण. ठरीव शुभेच्छांना तर नुसते क्रमांक दिलेले असत. दिवाळीचा एक, ईदचा एक, लग्नाचा एक. तारमास्तर एवढा क्रमांक पाठवी आणि पलीकडचा मास्तर त्याचे पूर्ण वाक्य करून कागदावर उतरवी. आमच्या लहानपणी घरी ईदची तार आली की ती सबंध शुभेच्छा तारेतून धावत आली असे आम्हांस वाटे. प्रत्यक्षात आला होता एक आकडा. १४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशातील ही तारसेवा बंद झाली. परंतु तिच्यातील तत्त्व बंद झाले नाही. दोन्ही टोकांना एकच कोष असेल, तर दोन खुणांनी हवे ते सांगता येते, हे ते तत्त्व.

ज्यांनी शाळेत वृत्ते घोकली आहेत त्यांना हे नवे वाटू नये. लघु आणि गुरू या दोनच खुणा. तीन अक्षरांचा एक गण. आणि गण आठच : य, म, त, र, ज, भ, न, स. आठच का? पहिल्या जागी दोन पर्याय, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. जागा आठ केल्या तर २५६ निरनिराळ्या मांडण्या मिळतात. संगणक हेच करतो. लघु-गुरूच्या जागी तो शून्य आणि एक मानतो. अशा एका खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला बाइट.

जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणारा एक कोष आहे, त्याचे नाव युनिकोड. त्यात आपल्या 'क' चा क्रमांक २३२५ आहे. आता 'उज्जैन' हा शब्द पाहा. उ, ज, हलन्ताची खूण, ज, ऐकाराची मात्रा आणि न अशा सहा खुणा झाल्या. नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे अठरा बाइट, म्हणजेच १४४ बिट. आपल्या गावाचे नाव तारेतून जाते ते १४४ शून्य-एकांची रांग होऊन. मोबाईलच्या साध्या लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीच्या खुणा मात्र ७०, याचेही कारण हेच. इंग्रजी अक्षर तेथे सात बिटांत बसते, आपल्या खुणेला सोळा लागतात.

फोटो, आवाज, हिशेबाची वही, सर्वांचे असेच आकडे करतात. या आकडेबद्ध पद्धतीलाच डिजिटल म्हणावयाचे. तिचा मोठा गुण असा की निरोप दूर गेला तरी झिजत नाही. किल्ल्यावरील मशालीचा रंग अमुक छटेचा आहे की तमुक, हे दुरून सांगता येणार नाही. पण मशाल पेटली आहे की विझली आहे, हे धुक्यातूनही सांगता येते. खूण अंधुक झाली तरी वाटेतील यंत्र 'हा एकच आहे' असे ओळखून पुन्हा ठळक एक पुढे पाठवते.

३. निरोपाचे तुकडे का करतात?

जुन्या ट्रंक कॉलची पद्धत ज्येष्ठांना आठवत असेल. उज्जैनहून पुण्यास बोलावयाचे तर मधली संबंध तार तेवढा वेळ आपल्या एकट्यासाठी राखून ठेवावी लागे. आपण खोकलो, थांबलो, नुसते 'हॅलो, हॅलो' करीत राहिलो, तरी ती वाट दुसऱ्याला मिळत नसे.

संगणकाच्या जाळ्याने ही रीत सोडून दिली. कशी, ते लग्नाच्या वऱ्हाडावरून पाहू. उज्जैनहून मुंबईस साठ माणसांचे वऱ्हाड न्यावयाचे आहे आणि कोणत्याही एका गाडीत साठ जागा मिळत नाहीत. शहाणा यजमान काय करील? प्रत्येकाच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी आणि मुंबईच्या कार्यालयाचा पत्ता देईल. काही जण रतलाम-वडोदऱ्यावरून जातील, काही भोपाळ-इटारसी-भुसावळवरून, काही इंदूरला जाऊन आग्रा-मुंबई रस्त्याने मोटारीने. कोणी आधी पोचेल, कोणी नंतर. कार्यालयाच्या दाराशी चिठ्ठ्या पाहून सर्वांना क्रमाने बसवावयाचे, आणि सतरा क्रमांकाचे मामा आले नाहीत असे दिसले तर मागे फोन करावयाचा.

जाळ्यात मोठ्या निरोपाचे असेच लहान लहान तुकडे करतात. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांना १९६० नंतरच्या दशकात ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. अशा तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिसने दिले. आपण त्याला पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. घरोघरच्या जाळ्यांत एका पाकिटात सामान्यतः पंधराशे बाइटपर्यंत मजकूर राहतो. म्हणजे तीस लाख बाइटचा एक फोटो आपण मुंबईच्या मुलीला पाठवला, तर त्याची दोन हजारांहून अधिक पाकिटे होतात आणि तिच्या मोबाईलवर पुन्हा जुळून एक फोटो होतो.

दूरच्या दोन संगणकांत असा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे गेला. पाठवावयाचा शब्द होता 'लॉगिन'. त्यातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! तासाभराने मात्र काम साधले. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. पहिल्या प्रयत्नात अडखळणे हा काही गुन्हा नव्हे.

४. पत्ते आणि वाटाडे

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचा पत्ता बत्तीस बिटांचा. बत्तीस जागांच्या मांडण्या किती होतील? ४,२९,४९,६७,२९६. आरंभी हे आकडे अपार वाटले. परंतु २०११ साली या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला, आणि म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत आता जुनीच्या जोडीने चालते.

हे आकडे माणसांच्या ध्यानात राहणार नाहीत. म्हणून १९८३ साली नावांची एक वही योजली गेली. आपण स्थळाचे नाव लिहितो, यंत्र त्या वहीत पाहून आकडी पत्ता आणते आणि मग पाकिटे निघतात. 'पोस्टातील फलाणे साहेब' एवढे म्हटल्यावर जाणता हमाल बरोबर खोलीशी नेतो, तसेच हे.

चौकाचौकांत जी यंत्रे पाकिटांना वाट दाखवितात त्यांना राउटर म्हणतात. आपण वाटाडे म्हणू. घरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी पेटी हाही एक छोटा वाटाड्याच. गंमत अशी की कोणत्याही वाटाड्याला सबंध वाट ठाऊक नसते. देवास गेटवर मुंबईचा रस्ता विचारला तर सांगणारा म्हणेल, 'आधी इंदूर गाठा, तेथे विचारा.' वाटाडेही एवढेच करतात. पुढच्या वाटाड्याच्या हाती पाकीट देतात. ते कायमचे घिरट्या घालीत राहू नये म्हणून त्यावर एक आकडा असतो. प्रत्येक वाटाडा त्यातून एक वजा करतो. शून्य झाले की पाकीट फेकून देतात.

घरातून वा शाळेतून निघालेली वाट गावच्या जाळ्याला, गावचे जाळे देशाच्या जाळ्याला आणि ते समुद्रतळाच्या केबलींना मिळते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली वर येतात. त्यांत केसासारखे काचेचे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. मस्कतच्या भाच्याचा चेहरा मोबाईलवर दिसतो तेव्हा मोबाईल आणि मनोरा यांच्यातील थोडी वाटच हवेतून असते. बाकी बहुतेक वाट जमिनीखालून आणि पाण्याखालून जाते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ समुद्रातील केबली तुटल्या तेव्हा आपल्या देशातील जाळे मंदावले. पण सर्वस्वी बंद पडले नाही. पाकिटे दुसऱ्या वाटांनी वळविली गेली. वऱ्हाडाची युक्ती येथे उपयोगी पडली.

५. कबुली, बेरीज आणि पेठ

आता हुंडीच्या गोष्टी आठवाव्या. पाकिटे वाटेत हरवतात, हे जाळे मुळातच धरून चालते. वाटाडा गर्दीत असला तर पाकीट टाकून देतो आणि कोणाला कळवतही नाही. तरी आपला फोटो पुरा पोचतो, तो कसा?

दोन टोकांच्या यंत्रांत काही संकेत ठरलेले असतात म्हणून. अशा संकेतसंचाला प्रोटोकॉल म्हणतात. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ज्याची मांडणी केली त्यातून टीसीपी आणि आयपी हे दोन संकेत पुढे आले. अमेरिकेतील त्या मूळ जाळ्याने ते १ जानेवारी १९८३ पासून पुरते स्वीकारले. पत्त्याने वाट दाखविणे आयपीकडे, आणि सारे नीट पोचले की नाही हे पाहणे टीसीपीकडे.

टीसीपी काय करतो? पाठविताना तो मजकुराच्या आकड्यांची एक बेरीज पाकिटावर लिहितो. घेणारा पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही तर पाकीट बाद. ही झाली हुंडीतील 'निमे त्यांचे दुप्पट'. बरोबर पोचलेल्या पाकिटांची कबुली घेणारा उलट धाडतो. ठरावीक वेळात कबुली आली नाही तर पाठविणारा तेच पाकीट पुन्हा पाठवितो. ही झाली पेठ. आणि मागाहून मूळ पाकीटही येऊन पोचले तर अनुक्रमांक पाहून जादा प्रत टाकून दिली जाते. पेठ, परपेठ आणि मूळ हुंडी मिळून पैसे एकदाच द्यावयाचे, तो न्याय येथेही चालतो.

मुलांनी हा प्रयोग घरी अवश्य करावा. एका ओळीचा निरोप सहा चिठ्ठ्यांवर तोडून लिहावा, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक घालावा, आणि घरातील निरनिराळ्या माणसांच्या हाती अंगणातून माडीवर पाठवावा. एका चिठ्ठीला वाटेत मुद्दाम हरवू द्यावे. माडीवरच्याने कबुल्या पाठवाव्या, खालच्याने हरवलेली चिठ्ठी पुन्हा धाडावी. पंधरा मिनिटांत टीसीपी समजतो, आणि आजीलाही समजतो.

आपल्या देशात १९८६ साली 'अर्नेट' नावाच्या योजनेतून शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला. मुंबईच्या दोन संस्था त्यात अग्रभागी होत्या. सर्वसामान्य नागरिकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेटची सेवा सुरू केली.

६. टोकांचे काम

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. मधले जाळे फार थोडे काम करते. शहाणपणाचे काम दोन टोकांना होते. अमेरिकेतील सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघा शास्त्रज्ञांनी १९८४ सालच्या एका लेखात हे तत्त्व स्पष्ट मांडले : निरोप खरोखर नीट पोचला याची खातरजमा शेवटी टोकांनीच करावयाची असते, मध्ये कितीही चौकीदार बसवले तरी ती जबाबदारी टळत नाही.

हे तत्त्व यंत्रांपुरते आहे असे समजू नये. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' ही योजना सुरू झाली. गावोगावच्या 'सूचनालयां'त संगणक बसवून मंडीचे भाव, जमिनीच्या नकला, तक्रार-अर्ज यांची सोय केली गेली. त्याच वर्षी स्टॉकहोमचा नामांकित पुरस्कारही तिला मिळाला. परंतु वीज गेली वा टेलिफोनची तार बिघडली की गावचे टोक मुके होई. त्याआधी १९९८ साली महाराष्ट्रात वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांत सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने असेच जाळे उभे केले होते. पुढे त्यांतील सात गावांत संगणकाच्या जागी शेतकऱ्याच्या साध्या मोबाईलचे लघुसंदेश वापरून पाहिले, आणि उसाच्या वजनाची माहिती तेवढ्यानेच स्वस्तात मिळू लागली. जाळे तेच, टोक माणसाच्या हातात बसणारे निघाले एवढाच फरक.

आता खालाच्या प्रश्नाकडे येतो. चोर तारेत नव्हता. तारेने आपले काम चोख केले. खालाने लिहिलेला आकडा बेरजेनिशी गेला, कबुली आली, एकही बिट इकडचा तिकडे झाला नाही. तो आकडा 'परतावा क्रमांक' आहे असे बोलणारा म्हणाला होता. पण त्याचे बोलणे यंत्राला ऐकू येत नव्हते. यंत्राला एवढेच दिसले, की खातेदाराने आपल्याच मोबाईलवरून, आपल्याच गुप्तांकाने, अमक्याला १८५०० रुपये द्यावयास सांगितले आहे. जासुदाने हुंडी पोचविली. चोर बसला होता टोकाशी, विश्वासाच्या जागी.

येथे कुलपाच्या चिन्हाविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. अनेक संकेतस्थळांच्या नावामागे आपला मजकूर कुलूपबंद होऊन जातो. १९७७ साली पुढे आलेल्या एका गणिती युक्तीमुळे हे सोयीचे झाले : कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना वाटावयाची, उघडण्याची मात्र एकाजवळच ठेवावयाची. टपालपेटीत पत्र कोणीही टाकील, उघडील फक्त टपालवाला. म्हणून वाटेत आपले पत्र कोणी वाचू शकत नाही. परंतु पेटी कोणाच्या घरापुढे लावलेली आहे, आणि त्या घरातला मनुष्य भला आहे की लबाड, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतेच.

७. घरी पाळावयाचे चार नियम

सराफांच्या चार गोष्टींतूनच आपले चार नियम निघतात.

पहिला, निमे-दुपटीचा : गुप्तांक दाबण्यापूर्वी पडद्यावरील रक्कम व घेणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचावे. आकडा कोणी कोणत्याही नावाने सांगो, तो रकमेच्या चौकटीत लिहिला की रक्कमच होतो.

दुसरा, पेठेचा : पैसे गेले की नाही अशी शंका आली तर घाईने पुन्हा पाठवू नये. आधी खात्याची नोंद पाहावी. यंत्र जादा पाकीट ओळखून टाकते. आपण दोनदा दिलेली आज्ञा मात्र ते दोनदा पाळते.

तिसरा, शाहजोगाचा : फोनवर दिसणारे नाव वा क्रमांक म्हणजे ओळख नव्हे, पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो. आणि हे पक्के ध्यानात ठेवावे, की ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत गुप्तांक लागतो तो पैसे देताना वा आपली शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. 'पैसे मिळण्यासाठी गुप्तांक दाबा' असे जो म्हणतो, तो शाह नव्हे.

चौथा, वेगळ्या पत्राचा : एका वाटेने आलेल्या वार्तेची दुसऱ्या वाटेने खात्री करावी. फोन ठेवावा, बिलावर छापलेला क्रमांक आपण स्वतः लावावा, किंवा घरातल्या कोणाला हाक मारावी. कोणी पोलिसाच्या वेशात पडद्यावर येऊन 'तुम्हांला डिजिटल अटक केली आहे' असे म्हणाला तर घाबरू नये. आपल्या कायद्यात असा काही प्रकारच नाही.

इतके करूनही फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला कळवावे. चोराचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो; पहिला तास हाती असतो तो थांबविण्यासाठी. खाला रात्रभर एकटीच विचार करीत बसली. तिला वाटले, लोक हसतील. सकाळी तक्रार दिली तेव्हा पैसा पुढे निघून गेला होता, आणि तो परत आला नाही. नातीची फी आम्ही नातेवाइकांनी मिळून भरली. त्या एका रात्रीची किंमत मला अजून टोचते. हे सर्व मला ठाऊक होते, मुलांना मी ते वर्षानुवर्षे शिकवीत होतो, आणि चार घरे पलीकडे राहणाऱ्या खालाला मात्र कधी समजावून सांगितले नव्हते.

म्हणून तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. स्मरणिका घरी नेल्यावर हा लेख स्वतः वाचून कपाटात ठेवू नये. घरातील ज्यांच्या हाती आपण मोबाईल दिला, त्यांच्याजवळ अर्धा तास बसावे, वर सांगितलेला चिठ्ठ्यांचा खेळ खेळावा आणि चार नियम सांगावे. अडाणी म्हणून नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी हुंडी लिहिली त्या शहाण्या माणसांना नव्या हुंडीची रीत सांगावयाची आहे, म्हणून.

परवा खालाला पुन्हा तसाच फोन आला. या वेळी बक्षीस लागल्याचा. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'थांबा, दुसऱ्या वाटेने विचारून घेते.' पलीकडच्याने फोन ठेवून दिला.